तान्ह्या बाळाच्या डाव्या हृदयधमनीचा जन्मदोष (अल्कापा) आणि त्यावरील शस्त्रक्रिया

हळदीचे पेव, सांगली

सांगली, मिरज, तासगाव, विटा या भागातील पालकांना उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा धागा काढत आहे. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला साडेतीन महिन्यांची असताना ‘अल्कापा’ नावाचा हृदयाचा जन्मदोष असल्याचे निदान झाले आणि पुण्यात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. मुलगी आता भिंतीला धरून चालू लागली आहे. त्या काळात मराठीतून वाचायला जवळजवळ काहीच मिळाले नाही. जे मिळाले ते मोठ्या माणसांच्या, चरबी साचून बंद होणाऱ्या धमन्यांबद्दल होते आणि त्याचा आमच्या बाळाच्या दुखण्याशी काडीचाही संबंध नव्हता. मी डॉक्टर नाही, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. खाली जे लिहिते आहे ते डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलेले आहे. जाणकारांनी त्यात अवश्य भर घालावी.

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला लागणारे रक्त दोन हृदयधमन्यांतून येते. उजवी आणि डावी अशा या दोन्ही धमन्या महाधमनीच्या अगदी मुळाशी निघतात, त्यामुळे त्यांना प्राणवायूने भरलेले आणि पुरेशा दाबाचे रक्त मिळते. अल्कापामध्ये उजवी हृदयधमनी आपल्या जागी असते. डावी मात्र महाधमनीऐवजी शेजारच्या फुफ्फुसधमनीतून निघालेली असते. फुफ्फुसधमनीत शरीरातून परत आलेले अशुद्ध रक्त असते आणि हृदयाचा डावा खालचा कप्पा, म्हणजे ज्याच्यावर सर्वांत जास्त काम पडते तो कप्पा, प्रामुख्याने या डाव्या धमनीवर जगतो.

मग बाळ जन्मतः धडधाकट कसे असते, हा आमचा पहिला प्रश्न होता. गर्भात असताना बाळाची फुफ्फुसे श्वास घेत नाहीत, त्यामुळे फुफ्फुसधमनीतला दाब महाधमनीइतकाच असतो आणि दोन्हींतील प्राणवायूतही फारसा फरक नसतो. डावी हृदयधमनी चुकीच्या जागी असली तरी तिला काही कमी पडत नाही. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत फुफ्फुसांचा दाब हळूहळू उतरतो आणि इथून पुढे बाळाचे दुखणे सुरू होते. आधी डाव्या धमनीतला प्रवाह मंदावतो. त्यानंतर तो चक्क उलटा होतो, कारण उजव्या धमनीतून बारीक जोडवाहिन्यांमार्गे डावीकडे आलेले चांगले रक्त स्नायूत शिरण्याऐवजी कमी दाबाच्या फुफ्फुसधमनीत निघून जाते. भाऊ द्राक्षबागायतदार आहे, त्याने हे ऐकल्यावर एवढेच विचारले, “म्हणजे सामाईक पाईपलाईनचा खालचा व्हॉल्व ओढ्यात उघडा राहिल्यासारखं?” डॉक्टर म्हणाले, अगदी तसेच.

आता लक्षणांकडे येते, कारण सर्वाधिक वेळ तिथेच वाया गेला. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस मुलगी दूध पिताना वेगळीच वागू लागली. चार-सहा घोट घेतले की ती छाती सोडून द्यायची, कपाळावर आणि डोक्यावर दरदरून घाम यायचा, चेहरा पांढराफटक पडायचा, पाय पोटाशी घेऊन ती कळवळून रडायची आणि मग दमून झोपी जायची. घरात हिंगाचा लेप आणि घुटी झाली. एका डॉक्टरांनी पोटातल्या वाताचे थेंब दिले, दुसऱ्यांनी धाप पाहून छातीत कफ आहे म्हणून वाफ द्यायला सांगितली. छातीचा एक्स-रे काढल्यावर हृदय फार मोठे दिसले, तेव्हा ईको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आणि अहवाल आला की हृदयाचा स्नायूच कमजोर आहे, पंपिंग (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती रक्त बाहेर फेकले जाते ते) २० ते २५ टक्के आहे, औषधे देत राहावे आणि वाट पाहावी. या कोणाचीही नावे मी इथे लिहिणार नाही आणि कोणी विचारूही नयेत. दुसरा ईको लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी केला. त्यांनी बराच वेळ पडद्यावरच्या एकाच जागी लक्ष ठेवले होते. फुफ्फुसधमनीच्या राखाडी चित्रात, जिथे काहीच रंग उमटायला नको तिथे, प्रत्येक ठोक्याला एक बारीक रंगीत ठिणगी आत शिरत होती. उलट वाहणारी डावी हृदयधमनी होती ती.

माझे सांगणे एवढेच आहे की “बाळाचे हृदय मोठे झाले आहे, स्नायू कमजोर आहे” हे उत्तर तान्ह्या बाळाच्या बाबतीत शेवटचे मानू नये. डावी हृदयधमनी महाधमनीतून निघताना स्पष्ट दिसली का, असे डॉक्टरांना नम्रपणे पण थेट विचारावे. हा आजार तसा दुर्मीळ आहे, सुमारे ३ लाख जन्मांमागे एक. पण शस्त्रक्रिया न झाल्यास यातली जवळपास ९० टक्के बाळे पहिला वाढदिवस पाहत नाहीत, आणि शस्त्रक्रिया झाल्यास तेच कमजोर हृदय बहुधा पूर्ववत होते. इतका टोकाचा फरक असलेले आजार फार थोडे असावेत.

औदुंबर

सविस्तर लेखनाबद्दल आभार. वाचनखूण साठवली आहे. एक शंका आहे : गरोदरपणातल्या सोनोग्राफीत हे का दिसले नाही? आमच्याकडे अशा वेळी पहिले बोट आईकडे जाते, म्हणून विचारतो.

येरळाकाठ

मी तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. ताईंनी लिहिलेले शास्त्रदृष्ट्या बिनचूक आहे.

औदुंबर यांच्या शंकेबद्दल आधी लिहितो. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत हृदयाचे कप्पे, झडपा आणि मोठ्या वाहिन्या पाहिल्या जातात. हृदयधमनी त्या वयात केसासारखी बारीक असते आणि गर्भात या दोषाचा हृदयावर काही परिणाम झालेला नसल्यामुळे शंका येण्याजोगे काहीच दिसत नाही. आईने ग्रहणात काय केले, काय खाल्ले, कोणते काम केले याचा याच्याशी संबंध नाही. बहुतेक वेळा हा दोष घराण्यातूनही आलेला नसतो. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत, आई गरोदर असल्याचे घरात जेमतेम कळलेले असते तेव्हाच, या वाहिन्या जोडल्या जात असतात आणि त्या वेळी हे घडून जाते.

१९३३ साली बोस्टनच्या ब्लँड, व्हाइट आणि गारलंड या डॉक्टरांनी अशा एका बाळाचे सविस्तर वर्णन केले, म्हणून जुन्या पुस्तकांत या आजाराला त्या तिघांचे नाव आहे. दूध पिताना येणारे घामाचे आणि कळवळण्याचे झटके म्हणजे मोठ्या माणसाला जिना चढताना छातीत दुखावे तसे हृदयाचे दुखणे असावे, हे त्यांनी तेव्हाच सुचवले होते. दूध ओढणे हा त्या वयाचा सर्वांत मोठा व्यायाम असतो. म्हणून पोटशूळ आणि हे दुखणे यांतला फरक पाहण्याची जागा पाळणा नव्हे, आईची मांडी आहे. पोटशुळाचे बाळ बहुधा संध्याकाळी रडते, पण दूध व्यवस्थित पिते आणि वजन वाढवते. ज्या बाळाला दूध पितानाच घाम येतो, जे थांबून थांबून पिते, ज्याचे श्वास झोपेतही जलद असतात आणि ज्याचे वजन अडून राहते, त्याला वाताचे थेंब देऊन घरी पाठवू नये, असे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना नेहमी सांगतो.

या बाळांचा रंग निळा पडत नाही. बोटाला लावायचे प्राणवायूचे यंत्र ९७-९८ दाखवते आणि सगळे निश्चिंत होतात. हृदयाची घरघर कित्येकदा ऐकू येत नाही, आणि आली तरी ती गळणाऱ्या मायट्रल झडपेची, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेची असते.

मला आग्रहाने मांडायचा आहे तो मुद्दा ईसीजीचा. तान्ह्या बाळाचा ईसीजी आपल्याकडे कोणी काढतच नाही. यंत्र प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असते, खर्च किरकोळ असतो. पण बाळ हालते, पट्ट्या छातीवर मावत नाहीत, आणि लहान बाळाला कुठला आलाय हार्ट अटॅक, अशी समजूत असते. अल्कापाच्या बाळाच्या ईसीजीत लीड १ आणि एव्हीएलमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहणाऱ्या ईसीजीच्या नोंदी), तसेच छातीच्या डाव्या बाजूच्या लीडमध्ये खोल क्यू लहरी दिसतात, म्हणजे डाव्या बाजूचा स्नायू रक्तावाचून दुखावल्याची खूण अक्षरशः कागदावर उमटते. लहान मुलांचा ईको करणारा तज्ज्ञ तालुक्याला नसतो हे मान्य आहे, पण ईसीजीचा कागद मोबाईलवर फोटो काढून दहा मिनिटांत मिरजेला किंवा पुण्याला पाठवता येतो. प्रत्येक बाळात ही खूण असतेच असे नाही, म्हणून ईसीजी साधा आला तरी ईकोत डाव्या धमनीचा उगम पाहिलाच पाहिजे. ईकोत समाधान झाले नाही तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन करावा लागतो.

आणखी एक बाब, ही मुख्यतः माझ्या व्यवसायबंधूंसाठी. अशा बाळाला पुण्याला पाठवताना नाकाला भरपूर प्राणवायू लावून दिला जातो. प्राणवायूने फुफ्फुसांचा दाब आणखी उतरतो आणि हृदयधमनीतले रक्त आणखी जोरात चोरले जाते. निदान पक्के असेल किंवा दाट संशय असेल, तर प्राणवायू किती द्यायचा हे पलीकडच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवावे. पालकांनी मात्र यावरून स्वतःच्या मनाने नळी काढून टाकू नये.

दंडोबा

हा धागा काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. माझ्या चुलत बहिणीचा मुलगा पाच महिन्यांचा आहे. दीड महिन्यापूर्वी त्याला दवाखान्यात ठेवले होते, तेव्हा ईको करून हृदयाचा स्नायू कमजोर असल्याचे सांगितले. तेव्हापासून लघवीचे औषध आणि आणखी दोन औषधे चालू आहेत. अहवालात पंपिंग ३० टक्के लिहिले आहे. धमन्यांबद्दल त्यात एक ओळही नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, ज्याचे हृदय एवढे थकलेले आहे त्याची छाती उघडणे म्हणजे जाणूनबुजून संकट ओढवून घेणे नव्हे काय? घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे की आधी औषधाने अंगात जरा ताकद येऊ द्यावी, वर्षाचा होऊ द्यावा, मग बघू. दुसरी, शस्त्रक्रियेत नेमके काय करतात? घरी समजावून सांगताना मला स्वतःला ते माहीत असावे असे वाटते.

येरळाकाठ

दंडोबा, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे कोणी माझ्यापेक्षा चांगले देईल. पहिल्याचे मी देतो.

तुमच्या भाच्याला अल्कापाच आहे असे इथे बसून कोणीही म्हणू शकत नाही. त्याचा ईसीजी आणि डाव्या धमनीवर लक्ष ठेवून केलेला ईको या आठवड्यात व्हावा, एवढे मात्र निश्चित. समजा तो दोष निघाला, तर “ताकद येऊ द्या” हा सल्ला उलटा ठरतो. औषधे फुफ्फुसातले पाणी कमी करतात, हृदयावरचा भार हलका करतात. पण धमनी चुकीच्या जागी आहे तोवर स्नायूची उपासमार रोज चालूच राहते. त्यातला बराचसा स्नायू मेलेला नसतो. तो जिवंत असतो, पण रक्त अपुरे मिळत असल्याने त्याने आकुंचन पावणे जवळपास थांबवलेले असते. योग्य रक्त मिळाले की तो पुन्हा काम करू लागतो. जितके दिवस जातात, तितका त्यातला अधिकाधिक भाग कायमचा व्रणात बदलतो. त्यामुळे या एका आजारात पंपिंग कमी असणे हे शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचे कारण होत नाही, ती लवकर करण्याचेच होते.

ठोका

मूळचा मिरजेचा, सध्या पुण्यात एका रुग्णालयात परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना हृदय-फुफ्फुस यंत्र चालवणारा माणूस. शल्यविशारदाच्या हातात काय असते ते मी टेबलाच्या पायथ्याकडून पाहतो, त्यामुळे माझे वर्णन थोडे यंत्राच्या बाजूने झुकलेले असेल.

पाच किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून सुमारे ४०० मिलिलिटर रक्त असते, पाण्याच्या लहान बाटलीपेक्षाही कमी. यंत्राच्या नळ्या आणि प्राणवायू मिसळणारा भाग भरायलाच त्याच्या तोडीचे द्रव लागते, म्हणून ते दात्याचे रक्त घालून आधी भरून ठेवावे लागते. नुसते सलाईन भरले तर बाळाचे रक्त फारच पातळ होईल. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, पोटॅशियम सगळे बाळाच्या अंगात जाण्याआधी यंत्रातच तपासून जुळवून घेतो.

अल्कापाच्या शस्त्रक्रियेत इतर कुठल्याही शस्त्रक्रियेपेक्षा वेगळी अशी एक नाजूक वेळ असते, ती यंत्र सुरू होण्याच्या क्षणाची. यंत्र सुरू झाले की फुफ्फुसधमनी रिकामी होते, तिचा दाब शून्याकडे जातो, आणि महाधमनीत मी पाठवत असलेले रक्त उजव्या धमनीतून डावीकडे आणि तिथून फुफ्फुसधमनीत वाहून जाऊ लागते. आधीच उपाशी असलेला स्नायू त्या दोन मिनिटांत पुरता कोलमडू शकतो. म्हणून यंत्र सुरू होताच शल्यविशारद उजव्या आणि डाव्या फुफ्फुसधमनीभोवती आधीच टाकून ठेवलेले फास आवळतात. “स्नेअर्स टाईट” असे ते म्हणेपर्यंत मी प्रवाह पूर्ण वाढवत नाही. त्यानंतर महाधमनीला चिमटा लावून हृदय थांबवणारे थंड औषध मुळाशी देतात. फुफ्फुसधमनीचा मार्ग बंद असला तरच ते डाव्या बाजूच्या स्नायूत राहते, आणि बरेच शल्यविशारद फुफ्फुसधमनीच्या मुळातूनही ते वेगळे देतात. डावा कप्पा फुगू नये म्हणून त्यात एक बारीक नळी सोडलेली असते.

हृदय थांबले की फुफ्फुसधमनी आडवी उघडतात. आत, बहुधा महाधमनीच्या बाजूला तोंड करून, डाव्या हृदयधमनीचे भोक दिसते. ते मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे असते. त्या भोकाभोवती फुफ्फुसधमनीच्या भिंतीचा छोटा गोल तुकडा ठेवून ते कापून घेतात. त्याला आम्ही बटण म्हणतो. धमनीचा सुरुवातीचा थोडा भाग आजूबाजूच्या ऊतीपासून सोडवून मोकळा करतात, म्हणजे ती ताण न पडता महाधमनीपर्यंत पोहोचेल. मग महाधमनीच्या डाव्या मागच्या भिंतीत तेवढेच छिद्र करून बटण तिथे शिवतात. धागा ७-० किंवा ८-० चा असतो, केसापेक्षा बारीक; भिंग लावल्याशिवाय तो मला तरी दिसत नाही. धमनीला पीळ पडला, ती ताणली गेली किंवा दुमडली, तर सगळे व्यर्थ, म्हणून शिवण्यापेक्षा बटण कोणत्या कोनात बसवायचे हे ठरवण्यातच त्यांचे कसब जास्त लागते. फुफ्फुसधमनीत पडलेली खिंड हृदयाभोवतीच्या आवरणाचा तुकडा लावून बुजवतात.

पूर्वी हे असे नव्हते. सुरुवातीला चुकीच्या जागची डावी धमनी नुसती बांधून टाकत. त्याने चोरी थांबे, पण सगळे हृदय एकट्या उजव्या धमनीवर जगे. १९७४ मध्ये नेचेस आणि सहकाऱ्यांनी धमनी सरळ महाधमनीत बसवल्याचे प्रसिद्ध केले. पुढे महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांची अदलाबदल करण्याच्या शस्त्रक्रियेमुळे नवजात बाळांच्या हृदयधमन्या उचलून दुसरीकडे बसवण्याचा सराव जगभर वाढला, आणि त्याचा लाभ या बाळांना झाला. धमनी फारच दूर निघालेली असेल आणि पोहोचत नसेल, तर १९७९ च्या ताकेउची पद्धतीने फुफ्फुसधमनीच्या आतूनच एक बोगदा तयार करून महाधमनीचे रक्त तिच्यापर्यंत नेतात. त्यात पुढे फुफ्फुसधमनी अरुंद होण्याची किंवा बोगदा गळण्याची शक्यता राहते, त्यामुळे सरळ बसवता आली तर तीच पद्धत बरी मानतात.

मायट्रल झडप गळत असेल तर तीही त्याच वेळी दुरुस्त का करत नाहीत, असे नातेवाईक हमखास विचारतात. झडपेला धरून ठेवणारे स्नायूचे खांब रक्ताअभावी दुबळे झालेले असतात. रक्त मिळाले की बऱ्याच बाळांत गळती आपोआप कमी होते, म्हणून पहिल्या वेळी तिला सहसा हात लावत नाहीत.

चिमटा काढल्यावर हृदय पुन्हा धडधडू लागते, पण ते लगेच भार उचलत नाही. कधी कधी आम्ही यंत्राचा आधार बराच वेळ चालू ठेवतो. तरीही दाब धरला नाही, तर एक्मोवर, म्हणजे अतिदक्षता विभागात नेता येणाऱ्या तशाच यंत्रावर, बाळाला काही दिवस ठेवावे लागते. एक्मो लावला म्हणजे सगळे संपले असे समजू नये. या आजारात स्नायू सावरेपर्यंतचा तो पूल असतो, आणि ही सोय असलेल्या केंद्रातच ही शस्त्रक्रिया व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे.

हळदीचे पेव, सांगली

ठोका यांनी लिहिलेले वाचताना त्या दिवशी बंद दारापलीकडे काय चालले होते ते आज प्रथम कळले.

दंडोबा, शस्त्रक्रियेनंतरचे थोडे सांगते, कारण त्याची मनाची तयारी आम्हाला कोणी करून दिली नव्हती. मुलीची छाती लगेच शिवली नव्हती. सुजलेल्या हृदयावर दाब येऊ नये म्हणून मधले हाड उघडेच ठेवून वर एक पारदर्शक पडदा लावला होता आणि त्या पडद्याखाली हृदय हलताना दिसत होते. वहिनीला आत सोडण्याआधी परिचारिकेने हे सांगितले म्हणून ती उभी राहू शकली. छाती नंतर बंद करतात, ही बिघाडाची खूण नाही, हे इतर पालकांनी आधीच ध्यानात ठेवावे. आईचे दूध काढून ठेवण्याची सोय तिथे होती; नळीतून थेंब थेंब करून तेच दिले.

घरी येताना पंपिंग ३५ टक्के होते. आम्ही खट्टू झालो होतो, पण डॉक्टर समाधानी होते, आणि त्यांचे खरे ठरले. काही महिन्यांत ते ५० च्या पुढे गेले, झडपेची गळती किरकोळ राहिली, लघवीचे औषध बंद झाले. अॅस्पिरिनची अगदी छोटी मात्रा काही काळ होती. दूध पिताना घाम येणे मात्र सर्वांत आधी थांबले, ईकोच्या आकड्यांच्याही आधी. पुढे आयुष्यभर ठरावीक अंतराने तपासणी करावी लागेल, कारण जिथे धमनी शिवली तिथे मूल वाढताना अरुंदपणा येऊ शकतो. पळायला, खेळायला लागल्यावर ताणाची चाचणीही करतील असे सांगितले आहे.

माणदेशी

आटपाडी भागात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात काम करते. खर्चाबद्दल कोणी विचारले नाही, पण प्रश्न प्रत्येकाच्या मनात असणार म्हणून लिहिते.

हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहेत. आमचे पथक अंगणवाडी आणि शाळेत येते. परंतु तान्ह्या बाळासाठी आमची वाट पाहू नये. थेट जिल्हा रुग्णालयातील त्वरित निदान केंद्रात जावे, तिथून संदर्भपत्र मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय समाविष्ट आहे का, आणि मुख्यतः लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी समाविष्ट आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातील मदतनीसाला) बाळ हलवण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावे. बाळाचे नाव शिधापत्रिकेवर अजून चढलेले नसते, त्यामुळे जन्मदाखला आणि आई-वडिलांची कागदपत्रे एकत्र ठेवावीत. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो तहसीलमधून मिळेपर्यंत वेळ जातो, म्हणून घरातल्या एकाने पहिल्याच दिवशी त्या कामाला लागावे. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही बरोबरीने करता येतो.

आमच्या कामातून सुचलेली एक गोष्ट इथे मांडते. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटी जन्मानंतर ४२ दिवसांपर्यंत असतात. या आजाराची लक्षणे नेमकी त्याच्या पुढे सुरू होतात. पण लसीकरणासाठी बाळ ६, १० आणि १४ आठवड्यांना उपकेंद्रात येतेच, आणि हा अगदी तोच काळ आहे. लस टोचण्याआधी वजन करतात. १० व्या आठवड्याचे वजन ६ व्याच्या जागीच असेल, तर “दूध पिताना घाम येतो का, मध्येच थांबून धापा टाकतो का” एवढे एक वाक्य एएनएम ताईंनी, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेने विचारायला काय हरकत आहे? हे वाचल्यापासून मी माझ्या भागातल्या उपकेंद्रांना हे सांगायला सुरुवात केली आहे.

औदुंबर

माणदेशी ताई, ही सूचना जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे लेखी द्यावी अशी विनंती. सहीला मी आहे.

दंडोबा

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. येरळाकाठ डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही ईसीजी काढला आणि लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे ईको पुन्हा करून घेतला. डावी हृदयधमनी महाधमनीतूनच निघते आहे आणि प्रवाह सरळ आहे, असे त्यांनी पडद्यावर दाखवले व अहवालात स्पष्ट लिहून दिले. अल्कापा नाही. ईसीजीत मात्र खोल क्यू लहरींऐवजी क्यूटी नावाचे अंतर लांबलेले निघाले, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे रक्तातले कॅल्शियम तपासले. ते फारच कमी होते. ड जीवनसत्त्व तर जवळजवळ नव्हतेच. कॅल्शियम शिरेतून सुरू केले असून बाळ सध्या दाखल आहे. कॅल्शियमच्या अभावानेही हृदय असे थकू शकते आणि ते भरून निघाल्यावर सुधारते, असे डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रियेची गरज नाही. माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी धाग्यावरच्या सर्वांना नमस्कार सांगितला आहे.

येरळाकाठ

फार बरे झाले. हे कारण आपल्याकडे दिसते, विशेषतः केवळ अंगावर पिणाऱ्या आणि वरून ड जीवनसत्त्वाचे थेंब न मिळालेल्या बाळांत. हृदयाची जुनी औषधे कॅल्शियम वाढले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. पंपिंग पूर्ववत व्हायला काही आठवडे ते महिने लागतात आणि औषधे ईको पाहून एकेक करून कमी करतात. बाळाच्या आईचेही ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासून घ्या, तिचेही कमी असण्याची शक्यता बरीच आहे. घरी सोडताना ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज किती आणि किती महिने द्यायचे, ते लिहून घ्यायला विसरू नका.